सात पायऱ्यांचे शेख गुरुजी

शेख गुरुजींनी मला फसवलं. एकदा नाही, तेरा वेळा. साडेचार वर्षांत त्यांनी मला अठरा वेळा आपल्या दारात बोलावलं. त्यातली पाच बोलावणी खरी होती, तेरा खोटी. हा आकडा मी तीनदा ताडून पाहिलाय, कारण ज्यांच्यावर आरोप करायचा ते गणिताचे मास्तर आहेत.

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगून ठेवते. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझा खव्याचा धंदा आहे. एका कढईवर सुरू केला, आज चार आहेत. दूध घालणाऱ्यांपासून तुळजापूरच्या पेढेवाल्यांपर्यंत सगळे मला कमलबाई म्हणतात आणि माझ्याशी भाव करायला बसण्याआधी पाणी पिऊन घेतात. भट्टीच्या लाकडांचा भाव करताना एक ट्रकवाला एकदा इतका दमला की लाकडं उतरवून, पैसे न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी पैसे मागायला त्यानं आपल्या भावाला पाठवला. त्याच्याशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अशा बाईला सत्तरी ओलांडलेल्या, खिशात खडू घेऊन हिंडणाऱ्या माणसानं फसवावं, हे मला गिळवत नाही.

गुरुजींचं घर जुन्या बाजाराच्या उतारावर आहे. उतारामुळं दार उंचावर आणि रस्ता खाली, म्हणून दाराला सात दगडी पायऱ्या. तीस वर्षं त्या नुसत्या पायऱ्या होत्या. लोक त्यांवरून चढत-उतरत. मग सरकारनं आयकराचे नवे टप्पे जाहीर केले. मोजले तर सात निघाले. पहिल्या टप्प्यावर काहीच नाही, मग पाच टक्के, दहा, पंधरा, वीस, पंचवीस आणि शेवटी तीस. गुरुजींनी पेपर वाचला, दाराबाहेर आले, खाली पाहिलं आणि पायऱ्या मोजल्या. तिथून ते हाती लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑइलपेंट आणला आणि प्रत्येक पायरीच्या तोंडावर टक्के रंगवले. खालच्या पायरीवर शून्य, वरच्या पायरीवर तीस. चाची, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, तेव्हा होत्या. त्यांनी विचारलं, "घराला का रंगवून ठेवलाव?" गुरुजी म्हणाले, "घर न्हाय, देश समजावून सांगतोय." चाची म्हणाल्या, "देशाला म्हणावं, आधी भाजी आणा."

तेव्हापासून नियम असा की गुरुजींच्या दारी येणाऱ्यानं आपली कमाई जिथं संपते त्या पायरीवर बसायचं. गुरुजी माणसाला बघून ठोकळमानानं त्याचं वर्षाचं उत्पन्न सांगतात आणि खडूनं बोट दाखवतात, "तुम्ही तिसरीवर." चूक फारशी होत नाही. लग्नाच्या पंगतीत ते जेवत नाहीत, अंदाज घेतात. मांडव बघतात, जिलबी तुपातली की तेलातली ते बघतात, घोडा बघतात आणि शेजारच्याला हळूच सांगतात, "नवऱ्याचा बाप पाचवीवर हाय, पण भरतो दुसरीचं." त्यांना आमंत्रण देताना लोक आता विचार करतात. न द्यावं तर मास्तर, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

या पायऱ्यांनी वाशीतल्या बड्या लोकांची फार पंचाईत केली. वर बसावं तर मान मिळतो पण कर वाढतो. खाली बसावं तर कर वाचतो पण रस्त्यावरचे बघतात. आमच्याकडचे एक ट्रॅक्टरवाले बाजारात चहाच्या टपरीवर आपली कमाई अशी सांगतात की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. तेच एकदा गुरुजींच्या दारी आले आणि रस्त्यातच उभे राहिले. पायरीला पाय लावेनात.

गुरुजी म्हणाले, "या की वर."

"न्हाय, इथंच बरं हाय. वारं लागतं."

"टपरीवर तुम्ही सहावीवर होता. इथं रस्त्यात. मधल्या सहा पायऱ्या कोण घेऊन गेलं, सांगा, पोलिसात देऊ."

शेतकऱ्यांसाठी मात्र त्यांनी पायऱ्यांच्या बाजूला लिंबाखाली एक लाकडी बाकडं ठेवलंय. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून. "तुम्हाला सरकारनं सावली दिलीय, बसा," असं म्हणतात. एका मोसमात त्या बाकड्यावर दोन डॉक्टर आणि सरकारी कामं घेणारा एक गुत्तेदार येऊन बसले. गुरुजींनी त्यांना ज्वारीला किती पाणी लागतं एवढंच विचारलं. तिघंही उठून आपापल्या पायरीवर गेले.

मध्ये दोन वर्षं सरकारनं एक टप्पाच काढून टाकला. सातचे सहा झाले. गुरुजी आजारी पडल्यासारखे दिसायला लागले. दगडी पायरी काही काढता येईना, म्हणून त्यांनी पंचवीस टक्क्यांवर तुळशीएवढी जाईची कुंडी ठेवली आणि येणाऱ्याला सांगत, "ही ओलांडून जा, हिच्यावर सध्या कुणी राहत न्हाय." पुढं टप्पे पुन्हा सात झाले. त्या संध्याकाळी गुरुजींनी कुंडी हलवली, पायरी धुतली आणि आळीत पेढे वाटले. पेढे माझ्याच खव्याचे. भाव मी कमी केला नव्हता.

स्वतः गुरुजी कुठं बसतात? सगळ्यात खाली, शून्यावर. ते पेन्शनवर. आधी थोडा का होईना कर बसायचा आणि ते दुसऱ्या पायरीवर ऐटीत बसायचे. मग मर्यादा वाढली. सारे निवृत्त मास्तर खूश झाले, एकमेकांना फोन करून सांगायला लागले. गुरुजी आपली चटई उचलून एक पायरी खाली आले. मी म्हटलं, "गुरुजी, पैसे वाचले की." ते म्हणाले, "पैसे वाचले, पण आता आपलं मीठ कशातच पडत न्हाय बघ."

हे मिठाचं समजायला माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी सातवीपर्यंत शिकले. चौथीला गणिताला शेख गुरुजी होते आणि मी त्यांच्या विषयात नापास झाले होते. त्यामुळं अख्ख्या वाशीत मला कमल म्हणणारा आणि अगंतुगं करणारा एवढा एकच माणूस उरलाय. तर साडेचार वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या एका पेढेवाल्यानं माझ्याकडं मोठी ऑर्डर आणली. करोनात बंद असलेलं देवीचं देऊळ नुकतंच उघडलेलं, गर्दी होणार हे दिसत होतं. मी हिशेब केला आणि ऑर्डर नाकारली.

कारण मला कुणीतरी सांगितलं होतं की कमाई अमुक आकड्याच्या वर रुपयाभर जरी गेली, तर सगळ्या कमाईवर वरच्या टप्प्याचा कर बसतो. अगदी पहिल्या रुपयापासून. मी तेव्हा नेमकी काठावर होते. ऑर्डर घेतली तर टप्पा ओलांडणार आणि वर्षभराचं कमावलेलं हातातून जाणार. असं समजून मी त्या आधीची दोन वर्षंही माघ-फाल्गुनात भट्टी थंड करून घरी बसायची. दूधवाल्यांना सांगायची, कंबर दुखतीय. माझ्यासारखी हुशार बाई दोन वर्षं न दुखणारी कंबर धरून बसली, यावरून ही समजूत किती पक्की होती ते कळेल. आमच्या बाजारात आजही निम्मे लोक फेब्रुवारीत असेच कंबर धरून बसतात.

पेढेवाला परत निघाला तो गुरुजींच्या दारावरून. गुरुजींनी त्याचं तोंड बघितलं, टप्पा ओळखला आणि विचारलं, काय झालं. मग मला निरोप आला. "कमलला म्हणावं, सात घागरी आणि मीठ घेऊन ये."

मास्तरांचा निरोप मोडायची सवय नव्हती. नेल्या घागरी. गुरुजींनी प्रत्येक पायरीवर एकेक ठेवली. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत चिमूटभर मीठ, तिसरीत थोडं जास्त, असं करत सातवीत ओंजळभर. मग मला पेला दिला.

"पहिलीतलं पी."

प्याले.

"कसं हाय?"

"गोड."

"आता वर जा. एकेक पीत."

तिसरीपर्यंत ठीक होतं. पाचवीला तोंड वाकडं झालं. सातवीचं मी गुरुजींच्या दारातच थुंकले. तोवर खाली वीस-पंचवीस माणसं जमली होती. बँकेतला शिपाई होता, दोन शाळेची पोरं होती, ट्रॅक्टरवाले होते. गुरुजी म्हणाले, "आता खाली ये. पहिलीतलं पुन्हा पी."

प्याले.

"खारट झालं?"

"न्हाय."

"का न्हाय?"

मी पेल्यात बघितलं. चौथीत जशी पाटीत बघायची तशीच.

"वरचं मीठ खाली उतरत न्हाय, कमल," गुरुजी म्हणाले. "आधी खालची घागर भरायची. भरली की वरची. जेवढं पाणी ज्या पायरीवर, तेवढ्यालाच त्या पायरीचं मीठ. तू वर चढलीस म्हणून तुझं खालचं पाणी कुणी नासवत न्हाय. जा, त्या पेढेवाल्याला गाठ."

काही सवलती असतात, त्यांचं गणित जरा निराळं. ते गुरुजी दाराच्या चौकटीवर खडूनं वेगळं शिकवतात आणि शिकणारा तोवर थकलेला असतो. पण मूळ गोष्ट घागरीतली. मी एसटी स्टँडवर जाऊन पेढेवाल्याला गाडीतून उतरवला. ऑर्डर घेतली. आधी नाकारली होती म्हणून भावही किलोमागं चार रुपये चढवला. कंबर त्या दिवसापासून दुखली नाही.

इथवर गुरुजींचे उपकार. ते मी मानते. आता फसवणूक.

त्या नवरात्रानंतर गुरुजी मला म्हणाले, "आता तुझी कमाई वाढली. आगाऊ कर भरावा लागंल. वर्षात चार हप्ते. जूनची पंधरा, सप्टेंबरची पंधरा, डिसेंबरची पंधरा, मार्चची पंधरा. त्या-त्या दिवशी इकडं यायचं. आपण वर्षाच्या कमाईचा अंदाज काढू, मग हप्ता."

मी विचारलं, "वर्ष संपायच्या आधीच कर? खवा विकला न्हाय आणि त्याचा कर?"

"म्हणून तर अंदाज म्हणतात."

मग सुरू झाल्या त्या चार तारखा. मी माझ्या पायरीवर बसायची, गुरुजी शून्यावर, मध्ये पाटी. जूनमध्ये बसून मार्चपर्यंतची कमाई सांगायची. गुरुजी एकेक विचारत.

"दिवाळीला खवा किती जाईल?"

"मला काय ठाऊक? देवीला ठाऊक."

"ते खरं. पण फॉर्मात देवीचा रकाना न्हाय. ठोकळ धरू."

ठोकळ धरू, हा त्यांचा लाडका शब्द. पाऊस ठोकळ धरायचा, म्हशींचं आटणं ठोकळ धरायचं, लग्नाच्या तिथी ठोकळ धरायच्या. मग सगळ्या घागरी एकेक करून भरायच्या आणि शेवटी आकडा यायचा. आकडा आला की माझं काम सुरू.

"लई झाला, गुरुजी. कमी करा."

"कमल, हा बाजार न्हाय."

"अंदाजच हाय ना? मग अंदाजात थोडं कमी धरायला काय जातंय?"

"दिवाळीला कमी विकशील का मग?"

"विकीन की. तुमच्या अंदाजापुरतं."

"आणि खरं जास्त विकलंस तर?"

"तर ते तुम्ही सप्टेंबरात बघा."

यावर ते इतके खूश व्हायचे की चष्मा काढून पुसायचे. मग पुन्हा पहिल्या घागरीपासून. तास-तास, दीड-दीड तास. मी आयुष्यात एवढा वेळ कुणाशीच भाव केला नाही, लाकडाच्या ट्रकवाल्याशीसुद्धा. आणि शेवटी आकडा निघायचा तो गुरुजींनी आधी काढलेलाच. एक रुपया खाली आला नाही.

शिवाय माझी पायरी वाढत गेली. पहिल्या वर्षी तिसरीवर होते, पुढं चौथीवर गेले. गुरुजी खाली, त्यांना कानानं कमी ऐकू येतं, मी वर. मग ओरडून बोलायचं. माझी वर्षाची कमाई आख्ख्या उताराला पाठ झाली. भाजीवाली मला मेथी महाग लावायला लागली.

मी म्हणायची, "गुरुजी, हळू बोला."

"मग खाली ये की माझ्याजवळ."

"खाली आले तर लोक म्हणतील, कमलबाईचा धंदा बसला."

"मग ओरड."

या सगळ्यात चहा व्हायचा. गुरुजी स्वतः करत. चाची त्या नवरात्राच्या आधीच्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्या होत्या तोवर रोज सकाळी पायऱ्यांवरची गणितं ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि पुसताना एकेक आकड्याला नावं ठेवायच्या. "हे कुणाचं? एवढं कमावतो आणि माझी उसनी घेतलेली दोन वाट्या साखर देत न्हाय?" गुरुजी आतून म्हणायचे, साखर करमुक्त हाय. त्यांचं असं दिवसभर चालायचं. आता पायऱ्यांवर आठ-आठ दिवसांची गणितं तशीच असतात. त्यांच्यावरून कुत्री जातात. फक्त मी जायचे त्या दिवशी पायऱ्या धुतलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, माझ्या गणिताला जागा म्हणून.

चहात ते दूध फार घालत. मी दुधातली बाई, मला खपायचं नाही. "गुरुजी, हा चहा न्हाय, पातळ बासुंदी हाय," मी म्हणायची. "दूध का फुकट येतं?" ते म्हणायचे, "पी गप."

हे असं साडेचार वर्षं चाललं. या जूनच्या सुरुवातीला मला पाचव्या कढईसाठी बँकेचं कर्ज हवं होतं. आपोआप ढवळणारी कढई, मोटरवाली. बँक म्हणाली, सीएचे कागद आणा. म्हणून मी धाराशिवला गेले. सीए म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, गार हवेच्या खोलीत बसलेली. तिनं माझी चलनं चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, तुम्ही वर्षातून चारदा का भरता?"

"चार हप्ते असतात म्हणून."

"मोठ्यांना असतात. तुम्ही उलाढालीवर ठोकळ नफा दाखवून भरता ना? तुमच्यासारख्या लहान धंद्याला एकच हप्ता. मार्चच्या पंधरापर्यंत एकदाच भरलं की झालं. बाकी तीन वेळा तुम्ही उगाच जाताय. पैसेही आधीच अडकवताय."

मी तिला म्हटलं, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, हा नियम नवा असेल. ती म्हणाली, तुम्ही भरायला लागलात त्याच्याही आधीपासूनचा आहे. मी म्हटलं, गणिताच्या मास्तराला ठाऊक नसेल असं होईल का? ती हसली. म्हणाली, "ज्यांनी ही बाकीची आकडेमोड केलीय त्यांना हे ठाऊक नसणं शक्य नाही. रुपयाचीसुद्धा चूक नाही कुठं."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, पण मी उभीच राहिले. बसून राग नीट येत नाही. येडशीपर्यंत हेलपाटे मोजले, तेरा. पुढं व्याज मोजलं. तेरा वेळा आधीच भरलेले पैसे मी दुधात घातले असते, दुधाचा खवा केला असता, खव्याचे पैसे पुन्हा दुधात. वाशी येईपर्यंत माझं जवळजवळ एका म्हशीचं नुकसान झालं होतं.

स्टँडवरून थेट उतारावर. गुरुजी शून्यावर बसलेले. मी रस्त्यातच उभी राहिले, ट्रॅक्टरवाल्यासारखी.

"बस की कमल. पंधरा तारीख अजून आली न्हाय."

"माझी पंधरा तारीख मार्चात असती, गुरुजी. वर्षातून एकदा."

गुरुजींनी खडू खिशात ठेवला. पुन्हा काढला.

"धाराशिवला गेली व्हतीस," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं का न्हाय?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं होतं ते नाकारतील, मग मी ओरडेन. अख्खा रस्ता त्याची तयारी केली होती. त्यांनी कबूल केल्यावर माझी पंचाईत झाली. मी म्हटलं, "का फसवलंत?" ते बोटांवरचा खडू पुसायला लागले. मग मी मला येतं तेच केलं. म्हटलं, "व्याज द्या."

"हौ," गुरुजी म्हणाले, आणि उठून आत गेले.

सात पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. आले ते पाकीट घेऊन. जाड पाकीट, वर त्यांच्या सुबक अक्षरात माझं नाव. आत नोटा आणि एक कागद. कागदावर तेरा ओळी. तेरा तारखा, प्रत्येकीपुढं माझा हप्ता, तो किती महिने आधी भरला आणि त्यावरचं व्याज. प्रत्येक ओळ वेगळ्या शाईची. म्हणजे दर वेळी मी भाव करून, बासुंदीसारखा चहा पिऊन उतार उतरले की हा माणूस आत जाऊन माझं त्या दिवसाचं नुकसान काढायचा आणि पेन्शनीतून तेवढे पैसे या पाकिटात घालायचा.

"मुदत ठेवीचा दर धरलाय," ते म्हणाले. "बचत खात्याचा धरला असता तर तू भांडली असतीस."

"मी खवा केला असता त्याचं काय?"

"तो अंदाज झाला. अंदाजाचे पैसे मी देत न्हाय."

मी नोटा मोजल्या. बरोबर होत्या. मी पाकीट पिशवीत घातलं आणि निघाले. मी पैसे सोडणारी नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. भट्टीवर गेले आणि विनाकारण दोन गड्यांना झापलं.

चौदा तारखेला सकाळी बालाजी दूध घेऊन आला. तो माझ्या भट्टीला कॅनं घालतो आणि जाता-जाता उतारावर घरोघरी लिटर-अर्धा लिटर देतो. त्यानं कॅनं उतरवली, घरोघरच्या दुधातलं अर्धा लिटर माझ्याकडंच ओतलं आणि म्हणाला, "हे जास्तीचं घ्या आज. गुरुजींचं हाय, त्यांनी बंद सांगितलं."

"बंद म्हणजे? रोजचं बंद केलं?"

"रोज कुठं घेतात ते? चाची गेल्यापास्नं कोराच चहा पितात की. एकट्याला दूध नासतं म्हणतात. वर्षातनं चार दिवस तेवढं घेतात. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. चौदाला सकाळी अर्धा लिटर. लई ताकीद असती, म्हशीचंच दे, पाण्याचं नको, पाव्हणी दुधातली हाय म्हणून." मग त्यानं डोकं खाजवलं. "काल म्हणाले, आता नको. एकदम मार्चात बघू."

मी बालाजीला दुधाचे पैसे दिले. भाव केला नाही. तो जरा घाबरून गेला.

कढईत दूध उकळत होतं आणि मी तिथंच बसून हिशेब करत होते. चार अर्धे म्हणजे वर्षाला दोन लिटर. मी दर वेळी नावं ठेवलेला तो चहा. माझ्यासाठी धुतलेल्या पायऱ्या. दीड-दीड तास लावून एक रुपया कमी न करणं, कारण केला असता तर मी उठून गेले असते. मला भाव करता येतो असं सारी वाशी म्हणते. साडेचार वर्षं समोरचा काय विकत घेतोय, हेच मला कळलं नाही.

पंधराला सकाळी मी दोन लिटरची किटली घेऊन उतारावर गेले. पायऱ्या धुतलेल्या नव्हत्या. कुणाकुणाची जुनी गणितं तशीच होती. गुरुजी शून्यावर बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्या दारातलं फडकं ओलं केलं आणि वरून खाली एकेक पायरी पुसत आले.

"हे कुणाचं?" मी विचारलं. "एवढं कमावतो आणि पोरीच्या लग्नात मला पाव किलो खवा कमी पडला म्हणून भांडतो?"

गुरुजींनी पेपर खाली केला. चष्मा काढला, पुसला.

पुसून झाल्यावर मी चौथीवर गेले नाही. शून्यावर, त्यांच्या चटईवर बसले. रस्त्यानं ट्रॅक्टरवाले चालले होते, ते थबकले. मी म्हटलं, "काय बघता? वारं लागतं इथं."

"कमल, आज काम न्हाय तुझं," गुरुजी म्हणाले. "हप्ता मार्चात."

"अंदाज काढायचाय. पाचवी कढई येतीय. वर्षाचा आकडा काढा."

"ठोकळ धरू?"

"ठोकळ न्हाय. नीट. वेळ लागला तरी चालंल. आणि पाकिटातले पैसे मी देणार न्हाय, ते माझेच हायत. दूध मात्र बालाजीला माझ्या नावावर लावायला सांगितलंय, रोजचं."

"रोजचं कशाला? नासंल."

"नासलं तर खवा करा."

गुरुजींनी पाटी पुढं ओढली आणि आकडा काढला. मी म्हटलं, लई झाला, कमी करा. ते म्हणाले, हा बाजार न्हाय. मी चहा ठेवायला वर गेले.

पाच कढयांचा आकडा काढायला आता महिन्यातून एक पंधरा तारीख लागते, असं मी ठरवलंय आणि तसं ते वागतायत. पण म्हणून जुनं प्रकरण मिटत नाही. मला तेरा वेळा खोटं बोलावलं, त्याचं व्याज मिळालं, ते सोडलं. माझा दावा वेगळा आहे. वर्षाला महिने बारा. माझी भट्टी त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. नुसतं "ये" म्हटलं असतं तरी मी गेले असते, कुरकुरत का होईना. तरी या माणसानं कोरा चहा पीत, आयकराचा नियम वाकवून, मला वर्षातून चारच वेळा का बोलावलं? राहिलेल्या आठ महिन्यांचा जबाब शेख गुरुजींनी मला द्यावा. ठोकळ चालणार नाही.